अधिक

अधिक महिन्यात जन्मला, म्हणून अधिक.
विट्याच्या शाळेत नववी ब, खिडकीकडचा तिसरा बाक.
ळचं उजवं वेटोळं तो आधी काढायचा,
मग डावं.
मीही तसाच काढू लागलो.
सरांनी पट्टी मारली, ळ सुटला नाही.

उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही,
हेही त्याचंच.
'लई शाना' म्हणत मागची पोरं खाकरायची;
तो खाकरला, की मी खाली बसायचो.

पण मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं
वर्गसमीकरणं त्यानंच शिकवली मला.
सिमेंटवर खडूनं लिहायचा,
कुणी आलं की ढोपरानं पुसायचा.
चोरून बिडी ओढावी तसं आम्ही गणित केलं.

दिवाळीनंतर तो मामाबरोबर कटकला गेला,
गलाईच्या दुकानात सोनं गाळायला.
त्याच्यामागं आणखी चौघं.
माझीही पिशवी भरलेली होती.
कांजिण्या आल्या,
राहिलो.

आज त्याच वर्गात
फळ्यावर 'काळ, काम, वेग' लिहितो.
तिसऱ्या बाकावरची मुलगी
फळ्याकडं बघतच नाही,
शेजारणीच्या वहीतून उतरवते.

मागं कुणीतरी खाकरतं.
खडू धरलेला माझा हात
अजून
अर्ध्यावर थांबतो.