चेसिस नंबरचा ठसा

ऑफिसातला पोरगा म्हणाला, मावशी, चेसिस नंबरचा ठसा लागेल,
पेन्सिलीचा, स्पष्ट.
ह्यांची कंबर वाकत नाही, म्हणून मीच शिरले गाडीखाली.
पाठीला गुळाचं बारदान, डोळ्यांत गंज.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला खालून बघितली.

वर मोर, लिंबू-मिरची, थोरलीचं नाव लाल अक्षरांत,
खाली नुसतं लोखंड, तेलाने माखलेलं,
पाट्यांच्या फटीत कुठल्या तरी घाटातली माती.
कागद लावला, पेन्सिल आडवी धरून घासली.
आकडे हळूहळू वर आले,
जत्रेतल्या गोंदणारणीच्या हाताखाली उमटावेत तसे.
एक मागितला होता.
मी दोन ठसे घेतले.

शासनाचं म्हणणं साधं आहे:
जुनी मोडा, दाखला घ्या, नवीला करात सूट.
बाळगोंडा मगदूम, राहणार शिये, यांनी
ते पत्रक तीनदा वाचलं, चौथ्यांदा मला वाचायला लावलं,
मग म्हणाले,
"म्हंजे मेल्याचं बी पैसं मिळत्यात म्हण की."

धुराचं मी खोटं बोलणार नाही.
पहाटे चारला गाडी चालू व्हायची,
हवा भरेपर्यंत जागेवर गुरगुरायची,
आणि हौसाक्काच्या भिंतीवर, बरोबर सायलेन्सरच्या उंचीला,
परातीएवढा काळा गोल.
दर दिवाळीला आम्हीच चुना द्यायचो, आमच्या खर्चाने.
संक्रांतीपर्यंत तो परत हजर.
हौसाक्का कधी बोलली नाही.
फक्त वाकळा वाळत घालायची पलीकडच्या अंगाला,
जिथे ऊन नाही.

तोडायच्या दिवशी दस्तगीर आला.
क्लीनर म्हणून लागला तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं.
गाडी काट्यावर चढायच्या आधी
त्याने फडक्याने डिझेलची टाकी पुसली.
कशाला, ते त्यालाही माहीत नसावं.

हजार वेळा चढली असेल ती काट्यावर, ढेपा भरून,
आणि दर वेळी
गाडीचं वजन वजा व्हायचं.
आज वजा करायला काही नव्हतं.

गॅस कटरने आधी नंबरचा तुकडा कापला.
मी विचारलं, देता का तो?
नियमात बसत नाही म्हणाले, हॉर्न न्या, देवाचा फोटो न्या.
मी काही बोलले नाही.
माझा ठसा घरी होता, रेशनकार्डाच्या घडीत.

दस्तगीर म्हणाला, "काकी, शिरोलीच्या भट्टीत जातंय हे समदं.
माझा मेव्हणा मोल्डिंगला हाय तिथं.
पंपाचं कव्हर व्हईल, न्हाईतर कुणाच्या ट्रकचा ब्रेक ड्रम."
हे इतका वेळ गप्प होते.
"ड्रम झाला," म्हणाले, "तर थांबंल न्हवं नीट?"

नवी सीएनजीची. पांढरी, अजून बिननावाची.
सूट मिळाली, खरंच मिळाली, खोटं का बोलू,
हप्ता मात्र आमचा आम्हीच भरायचा,
आणि गॅसच्या रांगेत उभं राहून राहून
ह्यांना आता सगळ्या तालुक्याच्या भानगडी ठाऊक.

पहिल्या खेपेच्या दिवशी डोळे उघडले तर पावणेसहा.
अंथरूण थंड. चहाचा कप विसळून पालथा.
गेले कधी, मला कळलंच नाही.
एकोणीस वर्षं त्या आवाजावर मी उठत आले,
त्या आवाजालाच त्यांचं "येतो" समजत आले.
तोंडाने त्यांनी कधी म्हटलं होतं का?
आठवेना.

तेवढ्यात फोन वाजला, किणी नाक्यावरून.
"अगं, सांगायचं ऱ्हायलं," म्हणाले,
मग बराच वेळ नुसता हायवे ऐकू येत राहिला.
"येतो."

बाहेर आले.
चुना अजून दिलेला नाही.
हौसाक्काने वाकळ आमच्या बाजूला टाकलीय,
काळा गोल बरोबर झाकून.