हवापालट, दर ताशी

उत्तरेश्वर पेठेत, साळोख्यांच्या माडीवर
पंख्याच्या पात्यावरची धूळ मी ब्रशनं
कुपीत उतरवून घेते. काचेच्याच.
प्लास्टिकची चालत नाही, कुंपणच शेत खातं.

खाली फुलाफुलांचं प्लास्टिकचं जाजम,
गणपतीत अंथरलेलं. नव्याचा वास अजून गेलेला नाही.
तो वास म्हणजेच ते, मी मनात म्हणते:
मऊपणासाठी घातलेलं काहीबाही
मऊपणातून निघून चाललंय,
आधी हवेत, मग धुळीत, मग
दहा महिन्यांच्या आर्वीच्या तळहातावर.

फॉर्म विचारतो, मूल ताशी किती वेळा हात तोंडात घालतं?
वैजयंता हसते. "मी काय मोजत बसतो व्हय?
तिचं तोंडच हातात असतंय."
मी लिहिते, वीस. पुस्तकात वीस आहे.
खोलीचं क्षेत्रफळ. मे महिन्यातलं तापमान.
हवापालट, दर ताशी.
"दार कधी लावता?"
"रातच्याला. तेबी सासरे तालमीतनं आल्यावर."
दिवसभर शेजारीण, मांजर, कुरिअरवाला,
दळणाचा डबा घेऊन आलेलं कुणाचं तरी पोर.
माझ्या समीकरणात खोली म्हणजे बंद डबा,
हवा नीट ढवळलेली, आत माणूस एक,
सत्तर किलोचा,
न बोलणारा.

रात्री विद्यापीठात आलेख काढते.
रेघ खाली येते, येत राहते, आडवी होते,
अक्षाला टेकत नाही.
सतरा वर्षांनीही नाही. तोवर आर्वी कॉलेजात,
जाजम माळ्यावर गुंडाळलेलं,
आणि तरी थोडं थोडं.

आकडा सांगायला पुन्हा गेले.
वजनाच्या दर किलोमागे, दिवसाला, एवढे मायक्रोग्रॅम,
चूक तिपटीपर्यंत असू शकते.
"म्हंजे काढू का ठेवू?"
मी जाजमाकडे बघत राहिले.
ओल्या फडक्यानं पुसा, म्हणाले,
तिचे हात धूत जा.
तेवढंच खात्रीचं होतं.

निघताना तिनं पांढरा रस्सा बांधून दिला.
पातळ पिशवी, दोऱ्याची गाठ,
ऊन ऊन, नारळाच्या दुधाचा.
स्निग्धात उतरतं, उष्णतेनं लवकर उतरतं,
हे मीच शिकवते, दुसऱ्या सत्राला.
गाडीच्या हुकाला पिशवी झुलत राहिली
गंगावेशीपासून घरापर्यंत,
गुडघ्याला ऊब लागत होती.

तक्त्यात शेवटी एक ओळ वाढवली.
स्त्री, एकोणचाळीस, अठ्ठावन्न किलो.
संपर्काचा मार्ग या रकान्यात
'आग्रह' असं लिहिलं.
रस्सा तोवर निवला होता,
आणि गाठ काही सुटेना.