दुसरीच्या वर्गाचा हीटर

मी शाळेचा बॉयलर सांभाळतो, शिकवत नाही.
होक्काइदोच्या उत्तर टोकाला आमचं गाव,
जानेवारीत बर्फ खिडकीच्या कमरेपर्यंत येतो.

उबवणी केंद्राने दिलेली सामनची साठ अंडी
दुसरीच्या वर्गात, काचेच्या टाकीत :
भिजल्या साबुदाण्याहून जराशी मोठी, नारिंगी,
आणि प्रत्येकातून बघणारे दोन काळे ठिपके.

त्या सोमवारी पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं.
मुत्सुमीबाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं,
'दहा अंशांच्या वर नको.'
आणि वह्या तपासत बसल्या.

मला वाटलं, टाकी उचलायला बोलावतील.
आला तो नागिसा, पुढचे दोन दात पडलेला.
"काका, आमच्या वर्गाचा हीटर बंद करा."
"गारठाल की रे!"
"आम्ही मतं घेतली."
मग बुटाकडे बघत,
"मी नको म्हटलं होतं."

नऊ दिवस मुलं कोट घालून बसली.
सातचा पाढा वाफ होऊन छताकडे जायचा.
बाईंचं नाक लाल. माझा बॉयलर निम्म्यावर.

एप्रिलमध्ये नदीवर बादल्या गेल्या.
चार वर्षांनी परततील, बाई म्हणाल्या,
सगळे नाही. फार थोडे.
कुणी बोटं मोजली, कुणी शेंबूड पुसला.

नागिसाने बाही वर सारली,
कोपरापर्यंत हात पाण्यात घातला,
लाल होईस्तोवर ठेवला.
"चालेल," म्हणाला.
मगच बादली कलती केली.