मधला एक दिवस

वर्षातून एकच दिवस आमची दरी दिसते.
एरवी दिसतो तो पूल:
गवताचा, झुलता, लामांच्या लेंड्यांनी बरबटलेला.

जूनमध्ये बाबा जुन्या पुलाचे दोर कुऱ्हाडीनं तोडतात.
तो खाली अपुरिमाकच्या पाण्यात पडतो
तेव्हा आवाज येत नाही. मी दर वेळी कान देते.
एवढं अवजड धूड, वर्षभराची एवढी पावलं,
आणि काहीच नाही.
विहिरीत दगड टाकून कुणी निघून जावं तसं.

मग दोन काठांमध्ये उरतो
करंगळीएवढा एक दोर.
त्याच्या जिवावर उद्या बाकीचं सगळं ओढून आणायचं.

बायकांनी काठाशी यायचं नाही. नदीला राग येतो म्हणतात.
आम्ही वर उतारावर बसून इचू गवत
दगडानं कुटतो, भिजवतो, तळहातांत वळतो.
हाताला भेगा पडतात, भेगांत कुसं जातात.
घरटी चाळीस वाव दोर.
मोजणारी सातुर्निना, आणि तिचे हात इतके लांब
की गावात कुणाचाच दोर पुरा भरत नाही.

शाळेत पाद्री सांगायचे, अथांग म्हणजे
पापाच्याही खाली असतं ते.
कुस्कोला शिकणारा माझा भाऊ म्हणतो, ते मनात असतं.
तो हल्ली कड्याशी आला की खाली बसतो,
बुटाची नाडी सोडतो, पुन्हा बांधतो.
मी दोघांचंही ऐकून घेते.

माझी आई पलीकडे राहते.

पलीकडे म्हणजे पलीकडेच. त्या अर्थानं नाही.
मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी
ती पुलावरून चालत गेली.
मध्यावर थांबली, पाठीवरचं गाठोडं सारखं केलं,
आणि पुढं गेली.
तिचं छप्पर इथून दिसतं, निळ्या पत्र्याचं.
वाळत घातलेलं धुणं दिसतं.
लाल घागरा दोरीवर असला की समजायचं, काल रविवार होता.

दरी खाली असते असं मला म्हणूनच कधी वाटलं नाही.
खाली नदी आहे. नदीत मासे आहेत.
दरी समोर असते, हाकेच्या अंतरावर,
आणि हाक मारायला तोंड उघडावं
तर वारा आधी आत शिरतो.

पूल मी शंभरदा ओलांडलाय,
बटाटे घेऊन, मेंढरं घेऊन, एकदा मेलेली आत्या घेऊन.
त्या काठावरच्या सगळ्या वाटा मला पाठ आहेत.
एक सोडून.

काल रात्री मी नियम मोडला.
चंद्र नव्हता. काठ पायानं चाचपला
आणि पूल नव्हता त्या जागेकडं बघत बसले.
वाटलं होतं, काहीतरी होईल.
भीती वाटेल, कुणी बोलेल आतून, निदान चक्कर येईल.
थंडी वाजली.
खालून पाण्याचा एकसुरी घरघराट,
झोपलेल्या म्हाताऱ्यासारखा.

मग पलीकडं एक बॅटरी लागली.
वर झाली, खाली झाली, मग कितीतरी वेळ
एकाच जागी.
तिकडच्या बायकांनाही मनाई आहे.

आज सकाळी त्या काठाची भेंडोळी ओढून आणली.
बाबांच्या बोटांना दोरावरून घर कळतं.
एकेक सोडवत होते, एका दोरापाशी थांबले.
डावा पीळ.
आमच्या अख्ख्या खोऱ्यात उलट्या हातानं
वळणारी बाई एकच.
सुंभ कुठल्याही काठाला जाऊ दे.

तो दोर खांद्यावर टाकून ते चढ चढून
आम्हा बायकांत आले. कधी येत नाहीत.
म्हणाले, फेर्मिना, तुझा दे.
दोन्ही शेजारी धरले, ताणून बघितले,
आणि खाली नेऊन पेडात घातले:
कठड्याच्या नाही, पायाखालच्या जाड दोराच्या.

जाता जाता तिचा दोर त्यांनी नाकाशी नेला होता.
घाईत वळलाय, म्हणाले.
आत ओल आहे अजून.