पत्ता कट

विद्यापीठाच्या फाटकासमोर, फतेगंजात, माझं झेरॉक्सचं दुकान.
काळी-पांढरी दीड रुपया, रंगीत आठ,
स्पायरल तीस.
बडोद्याची निम्मी इंजिनिअरिंग माझ्या ट्रेमधून पास झाली,
मी बारावीला दोनदा बसलो.

निषाद खानविलकरनं त्याचा पहिला डबा काउंटरवर ठेवला.
"काका, हा तुम्हाला. मी आता याच्या फार पुढे गेलोय."
पन्नास पत्ते.
मोठ्या डोळ्यांची माणसं, केस निळे, गुलाबी,
आणि प्रत्येकाला कसली तरी घाई.
आयुष्यभर मी झब्बू खेळलो.
झब्बूत पत्ते संपले की माणूस सुटतो,
इथे गठ्ठा संपला की हरतो.
एवढं डोक्यात शिरायलाच मला आठवडा लागला.

मग पोरांनी शिकवलं. निषाद, ध्रुविल,
सेव-उसळवाल्याची पलक.
डेक म्हणजे जत्रा नव्हे, काका.
एकेकटे आलेत ते काढा, चार-चार होतील तेच ठेवा.
पहिल्या दोन पाळ्यांत काहीतरी टाकता आलं पाहिजे.
महागडे राक्षस सहा पुरे,
नाहीतर हातात बसून राहतात
मानपानाला अडलेल्या जावयांसारखे.
(जावयांचं मी जोडलं. पोरं हसली नाहीत.)
आणि चित्रावर जीव लावायचा नाही.

पहिला पत्ता कट झाला
तो रात्रपाळीच्या टपालवाल्याचा.
किंमत चार, ताकद एक.
काम काय, तर गठ्ठ्यातला वरचा पत्ता बघायचा
आणि होता तिथे ठेवायचा.
"बघून उपयोग काय, काका? घेता तर येत नाही!"
चित्रात तो पुलावर सायकल टेकवून उभा,
दिव्याखाली पाकीट धरून पत्ता वाचतोय.
अख्ख्या डब्यात त्याच एकाचे डोळे बारीक.
काढला.
काउंटरच्या काचेखाली सरकवला,
लाइटबिल आणि लॅमिनेशनच्या दरपत्रकाच्या मधे.

मला हवा तो पत्ता मी छापू शकतो.
तीनशे जीएसएम, दोन्ही बाजू, कटिंग वेगळं.
साडेतीन हजारांची वीजकन्या
पोरांना सरावासाठी डझनानं काढून दिली आहे मी,
भाकरीसारखी कोमट.
पण स्वतःच्या डेकात नक्कल घालवेना.
धंदाच नकलेचा, आणि हे खूळ कुठून आलं कोण जाणे.
म्हणून तीन स्पायरलच्या बदल्यात दोन धुकी.
ध्रुविलच्या बहिणीच्या थीसिसच्या पाच प्रती,
कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं,
त्यावर एक वीजकन्या, कोपरा मुडपलेली.
कागदाचा कोपरा मला सरळ करता येतो.

रविवारी सँडविचवाल्याच्या वरचा हॉल.
एसी गळतोय, खाली बादली.
माझ्यासमोर चार्वी निंबाळकर, वय नऊ,
पाय जमिनीला टेकत नाहीत,
डेक डब्यातून काढला तसाच. अख्खी जत्रा.

वीजकन्या माझी तिसऱ्याच पाळीला उतरली,
मागून ध्रुविलनं शिट्टी घातली.
चार्वीनं टपालवाला ठेवला.
वरचा पत्ता उचलला.
बघितला. बराच वेळ बघितला.
ठेवला,
आणि ओठ असे दाबले
की माझ्या हातातले अडवणारे दोन्ही पत्ते
मी त्या दाबलेल्या ओठांवरच खर्चून टाकले.

तो पत्ता म्हणजे नुसती शेळी होती.
तिनंच सांगितलं नंतर, बाटलीतलं पाणी पिता पिता.
तोवर मी हरलो होतो.

सोमवारी काच उचलली.
टपालवाला दमटपणानं चिकटला होता, नखानं सोडवला.
एक आहे. चार पाहिजेत.
निषादला विचारलं, पलकला विचारलं.
"तो? तो कोण ठेवतं, काका?"
कुणी पुस्तकात खूण म्हणून घातलेला,
कुणी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली,
ध्रुविलच्या आईनं रद्दीत दिलेला.

दुकानाबाहेर पाटी लावली आहे:
टपालवाला आणा, स्पायरल फुकट.
तीन दिवस झाले.
प्रिंटर चालूच आहे.
मी त्याच्याकडे बघायचं टाळतो.