आवक-जावक

पांझरेच्या फडावर उभी हयात जगल्या होते हिलाल आप्पा.
रात्री कुणी बारं फोडून पाणी वळवलं
तर तळपायाला कळायचं म्हणे.

स्वतःचं पाणी अडलं दीड वर्ष,
ते मात्र कुणाला सांगितलं नाही.
बांधाआड उभं राहायचं, थेंब थेंब,
कुणी आलं की धोतर सारखं करायचं.
मग पिणंच कमी केलं.
साक्रीला लग्नाला गेले तर दिवसभरात एक कप चहा.

परवा दुपारी आणलं धुळ्याला, पोट बेंबीपर्यंत ताठ.
नळी घातली आणि पहिल्या तासात दोनदा पिशवी रिकामी केली मी.
पोरगा हसला, हात जोडले मला.
रात्री तासाला आठशे. पुन्हा सातशे वीस.
नितळ, बिनवासाची, नुसतं पाणीच.
तुंबून तुंबून मूत्रपिंडं
धरून ठेवणं विसरली होती.
काल पहाटे सोडियम एकशे चौसष्ट.

जीभ लाकूड. आप्पा गादीची कड चाचपत होते,
"कोन शे रे पाटवर?
पानी कोठे चालनं?"
पिशवीत चाललंय आप्पा, मी मोजतेय.
"माले तीस लागनी शे व माय."

नाकातल्या नळीतून साधं पाणी, मोजून.
शिरेतून ग्लुकोजचं, तेही मोजून.
सून तांब्या घेऊन उभी:
एवढं कोरडं पडलंय माणूस, पाजा की हो पोटभर.
तडवी मॅडम म्हणाल्या, सावकाश.
दिवसाला दहाच्या आत उतरवायचं,
वाळल्या मेंदूत एकदम पाणी शिरलं तर तो सुजतो.
सुनेला पटलं नाही.
तांब्या खाली ठेवला तिनं,
पण त्याच्यावरचा हात काही काढला नाही.

आप्पांनी ऐकलं असावं. किंवा नसावंही.
डोळे मिटलेले, बोटं हवेत
फळी धरल्यासारखी वाकलेली,
"एकदम नको उघाडू, पोरी.
सुकेल पाट शे. फुटी जाई."

आता साडेचार. एकशे छप्पन्न.
वॉर्डातला पंखा करकरतोय, सून तांब्याशी टेकून झोपली.
मी वहीत आवक लिहिते, जावक लिहिते,
आईच्या फोनला अजून उत्तर दिलेलं नाही.

"आते कोनी पाळी शे?"
आप्पांनी डोळे उघडून विचारलं, माझ्याकडे बघत, नीट.

तुमचीच, म्हटलं,
आणि पिशवी उचलली.
सहाशे दहा.