पाय मोडलेली अक्षरं

सेमिनरी हिल्सच्या चढावर
मे महिना कूलरचं सगळं पाणी पिऊन बसलाय.
बाहेर सेहेचाळीस,
आत शीतपेटीत उणे ऐंशी,
मध्ये मी
आणि फॉर्मवरचा एक रकाना: जात.

डोमाजी बागडेंनी विचारलं होतं,
"कोनाची लिवता मॅडम? माही का घोडीची?"
मी हसले. ते हसले नाहीत.
"घोडी काठेवाडी हाये. कान पाहा ना."
आणि खरंच, मेल्यावरही
टिकलीच्या कानांची टोकं एकमेकांना टेकलेली.

सक्करदऱ्यात, भर वरातीत,
केबलसाठी खणलेल्या खड्ड्यात तिचा पुढचा पाय गेला.
नवरदेव ऑटोने मांडवात पोचला.
बँडवाल्यांनी गाणं अर्ध्यावर सोडलं नाही,
पैसे पूर्ण गाण्याचे ठरले होते.

आम्ही तिचे नखाएवढे तुकडे घेतले:
हृदय, यकृत, फुफ्फुस, पुठ्ठ्याचा स्नायू,
खुराच्या आतली, पानावर पान रचल्यासारखी चादर,
आणि कातडी, जिच्यावर मेंदीचा ठसा अजून ओला वाटत होता.
काळीज म्हणजे नक्की कुठलं, हे मराठीत ठरलेलं नाही.
खाटकाकडे ते यकृत,
पत्रात ते हृदय.
म्हणून नळ्यांवर मी आकडेच टाकले.

मिथाइलेशन डोमाजींना कसं सांगायचं?
भुशाच्या पोत्यावर खडूने लिहिलं.
सगळ्या पेशींत पोथी एकच, काका,
अक्षर न् अक्षर तेच.
फक्त कुठे कुठे अक्षराचा पाय मोडलेला असतो.
अक्षर जागेवर, त्यातला 'अ' गेलेला.
हृदयात खुराची ओळ मुकी,
खुरात हृदयाची.
नाहीतर घोडी टापांनी धडधडली असती
आणि छातीवर चालली असती.

ते पोत्याकडे बघत राहिले.
"म्हंजे पाय मोडूनच घोडी बनते?
अन् मंग..."
पुढचं त्यांनी तंबाखूसोबत दाढेखाली सरकवलं.

आणखी दोघं होते आमच्याकडे.
पोटशुळाने गेलेला एक मारवाडी,
धनगराच्या बिऱ्हाडामागे चालून थकलेली एक भीमथडी.
रात्री दोनला संगणकाने ठिपके मांडले.
तीन कळप दिसतील, तीन जातींचे, तीन बाजूंना,
असं देवपुजारी सरांनी अनुदानाच्या अर्जात
आधीच लिहून टाकलं होतं.

दिसलं भलतंच.
टिकलीचं हृदय मारवाडीच्या हृदयाशेजारी बसलेलं,
भीमथडीचंही त्याच पंगतीत, मांडीला मांडी लावून.
यकृतांची पंगत वेगळी, फुफ्फुसांची वेगळी.
जन्मभर ज्याच्यासोबत एका कातडीत राहिलं
त्या यकृतापासून हृदय कोसभर लांब.
जात होती, नाही कशी?
प्रत्येक पंगतीच्या आत, बारीक,
भिंग धरून शोधावी लागली एवढी.
सर म्हणाले, तीन घोड्यांवरून काही बोलू नये.
बरोबरच म्हणाले.

बाबांच्या गावात
नवरदेवाने घोडीवर बसायचं की नाही
हे हाच रकाना बघून ठरायचं.
बाबा स्वतःच्या लग्नाला पायी गेले,
चिखल होता म्हणून नवे बूट हातात धरून.
हे मी निष्कर्षात लिहिलं नाही.
तिथे फक्त आकृती तीन आहे, रंगीत,
आणि खाली ठिपक्यांचा खुलासा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डोमाजी आले.
मला वाटलं, रिपोर्ट विचारतील.
सायकलच्या कॅरियरवरून त्यांनी पोतं उतरवलं,
टिकलीचा उरलेला हरभरा,
कॉलेजच्या घोड्यांसाठी.
कोणाला देऊ, विचारलं
तर पोत्याची सुतळी सोडता सोडता म्हणाले,
"कोनत्याई जातीच्याले द्या.
पन भिजवून द्याजा."